कशाच्या तुलनेत?

स्टेशनवर थांबलेल्या गाडीत आपण बसलेले असतो. शेजारच्या रुळावरील गाडी हळूच मागे सरकते आणि आपलीच गाडी पुढे निघाली असे क्षणभर वाटते. फलाटावरच्या खांबाकडे पाहिले म्हणजे हा भ्रम दूर होतो. सापेक्ष गती शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देतो. मागे एकदा ते वेगळ्याच प्रसंगी कामी आले.

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वडिलांचे ट्रायग्लिसराइड ३८० निघाले. ओळखीच्या एकाने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवल्या. त्या चालू केल्यात. आता डॉक्टरांकडे नाही गेले तरी चालेल ना?"

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात तिचे प्रमाण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. माशाच्या तेलातील ईपीए व डीएचए या मेदाम्लांमुळे यकृत ही चरबी रक्तात कमी सोडते. रोज सुमारे ४ ग्रॅम मेदाम्ले घेतल्यास हा आकडा साधारणपणे २० ते ३० टक्क्यांनी उतरतो, हे खरे आहे. मात्र बाजारातील १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३०० मिलिग्रॅमच मेदाम्ले असतात. ४ ग्रॅम होण्यास किती कॅप्सूल लागतील, याचे गणित तुम्हीच करा!

पण खरा प्रश्न पुढेच आहे. आकडा उतरला म्हणजे हृदयविकार टळला काय?

हे ठरवण्यासाठी दोन मोठे प्रयोग झाले. दोन्हींत ट्रायग्लिसराइड वाढलेले व कोलेस्टेरॉलवरील नेहमीचे औषध घेणारे रुग्ण होते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'रिड्यूस-इट' प्रयोगात ८,१७९ रुग्ण होते. रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाल्या. 'स्ट्रेंग्थ' प्रयोगात १३,०७८ रुग्णांवर ईपीए व डीएचए यांच्या मिश्रणाची परीक्षा झाली. तेथेही ट्रायग्लिसराइड उतरले, परंतु घटना कमी झाल्या नाहीत. २०२० मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

असे का झाले? औषधे वेगळी होती, हे एक कारण असू शकेल. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पहिल्या प्रयोगात तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते, दुसऱ्यात मक्याचे तेल. खनिज तेल घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्क्यांनी वाढले. म्हणजे शेजारची गाडी थोडी मागे सरकली होती! एवढ्याने २५ टक्क्यांचा सगळा फरक उलगडत नाही असे अनेक तज्ज्ञ मानतात, आणि अमेरिकेत २०१९ मध्ये त्या औषधाला या उपयोगासाठी मान्यताही मिळाली. तरीही वाद मिटलेला नाही. शिवाय दोन्ही प्रयोगांत औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण अधिक आढळले.

माझे मत असे, की शाळेत आपण निष्कर्ष पाठ करवतो, पण तो कशाच्या तुलनेत काढला हे विचारायला शिकवत नाही. १९७१ मध्ये बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडच्या मासे व सील खाणाऱ्या इन्युइट लोकांच्या रक्ताची तुलना डॅनिश लोकांशी केली, तशीच डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या इन्युइटांशीही केली. ग्रीनलँडमधील लोकांच्या रक्तात चरबी कमी होती, डेन्मार्कमधील इन्युइटांच्या नव्हे. म्हणून कारण आनुवंशिक नसून राहणीत असावे, असे म्हणता आले. दुसरी तुलना नसती, तर हे कळले नसते. शिक्षक बंधुभगिनींनी प्रयोगवहीत 'अनुमान' लिहिण्यापूर्वी 'तुलना कशाशी?' अशी एक ओळ अवश्य लिहून घ्यावी.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही. वडिलांना रिपोर्टासह डॉक्टरांकडे घेऊन जा." तपासणीत त्यांची रक्तशर्कराही बरीच वाढलेली निघाली. मधुमेह हे ट्रायग्लिसराइड वाढण्याचे एक नेहमीचे कारण आहे. कॅप्सूलच्या भरवशावर राहिले असते, तर ते आणखी काही महिने लपून राहिले असते.