पडद्यावरचा रोलर कोस्टर : पोरखेळ की आराखडा?

मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपसमोर बसून रूळ वळवतेय, चढ वाढवतेय, उतार कमी करतेय. दोन-तीन दिवसांनी दीड मिनिटाचा व्हिडिओ तयार होतो आणि यूट्यूबवर जातो. घरच्यांचा शेरा ठरलेला : ‘गेम खेळत बसलंय.’ हा शेरा घाईचा आहे.

हे नेमके असते काय?

संगणकावर स्वतःचा रोलर कोस्टर रचायचा आणि पहिल्या सीटवरून तो कसा दिसेल याचे चित्रण करायचे. ख्रिस सॉयर यांच्या ‘रोलरकोस्टर टायकून’ने १९९९ मध्ये हा नाद घरोघरी नेला. २०१६ मध्ये ‘प्लॅनेट कोस्टर’ आला. ‘नोलिमिट्स’ हे त्यातले सर्वात काटेकोर सॉफ्टवेअर. खरे कोस्टर बांधणाऱ्या कंपन्याही ते वापरतात. गाडी धावत असताना प्रवाशाच्या अंगावर किती ‘जी’ भार येतो, हे त्यात क्षणाक्षणाला दिसते. गंमत इथेच आहे.

लूप गोल का नसतो?

खोपोलीच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ पाहिला असेल तर आठवा, त्याचा लूप बांगडीसारखा गोल नाही, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता आहे. समजा लूप अगदी गोल केला आणि गाडी माथ्यावरून जेमतेम सुटेल एवढाच वेग दिला. तरीही तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. साठ किलोचा माणूस ३६० किलोचा! लूप लहान करा की मोठा, हा आकडा बदलत नाही. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर असा गोल लूप खरोखर बांधला होता. लोकांच्या माना आखडल्या. उपाय म्हणजे तळाचे वळण मोठे, माथ्याचे लहान. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी तो आकार वापरला आणि लूपचे युग परत सुरू झाले.

अकरावीच्या पुस्तकात वर्तुळाकार गती पाठ करून विसरणारा विद्यार्थी ‘नोलिमिट्स’मध्ये तीच गोष्ट लाल आकडा पाहून शिकतो. आपण बांधलेल्या गाडीतली माणसे बेशुद्ध पडतील, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

मग खटकते काय?

खटकतात ते ‘जगातला सर्वात भयानक पाळणा’ अशा मथळ्याचे व्हिडिओ. रूळ मध्येच तुटलेला, गाडी हवेत उडून पलीकडच्या रुळावर बसते. हे संगणकावरचे आहे असे कुठेच लिहिलेले नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत ते घरच्या ग्रुपवर येते तेव्हा काकांना ते खरेच वाटते. पाहणाऱ्यांची संख्या यांनाच जास्त, आणि चार दिवस राबून भार साडेतीन ‘जी’च्या आत आणणाऱ्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रेक्षक. म्हणून व्हिडिओच्या पहिल्याच ओळीत ‘आभासी रचना’ असे लिहावे आणि ‘जी’चा आलेख पडद्यावर ठेवावा. जत्रेतल्या खऱ्या पाळण्यात लेकरे बसतात. तिथे काय धोक्याचे आणि काय नाही, याची समज असल्या खोट्या व्हिडिओंनी बिघडते.

कोल्हापूरशी याचा काय संबंध?

बाबूराव पेंटर यांनी याच गावात १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कोणी शिकवेल म्हणून ते थांबले नाहीत. उद्यमनगरात आजही नमुन्याचा भाग हातात घेऊन हुबेहूब तसाच बनवून देणारे कारागीर आहेत. ज्या गावाला फौंड्री आणि लेथ कळते, त्या गावाने पोराच्या पडद्यावरचा रूळ हसण्यावारी न्यावा, हे मला पटत नाही. (परवडणे हा प्रश्न आहेच. ‘नोलिमिट्स’ला पैसे पडतात, बरा लॅपटॉपही लागतो. पण ‘ब्लेंडर’ फुकट आहे, आणि ‘रोलरकोस्टर टायकून’ची एक आवृत्ती मोबाइलवरही चालते.)

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तीच सिरिंजची जेसीबी असते. यंदा एक टेबल अशा रचनेला द्यावे. परीक्षकांनी व्हिडिओ थांबवून एवढेच विचारावे : इथे तळाशी किती ‘जी’ आहे, आणि तो कमी करायला तू काय बदललेस?