केमोनंतरचा दहावा दिवस

पंजाबातील भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव लोकांनीच दिले. माळवा भागातील रुग्ण वर्षानुवर्षे तिने तीनशेहून अधिक किलोमीटरवरील राजस्थानातील रुग्णालय गाठत आले, केमोथेरपी घेऊन त्याच मार्गाने घरी परतत आले. सरकारी हिशेबात उपचार तेथे पुरा होतो. प्रत्यक्षात त्याचा सर्वाधिक धोक्याचा टप्पा घरी परतल्यावर सुरू होतो.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात अस्थिमज्जाही सापडते. साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तपेशींची संख्या नीचांक गाठते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली उतरल्या, की साधा संसर्गही प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी पू धरत नाही, कफही फारसा होत नाही. ताप हीच अनेकदा एकमेव खूण असते. तो १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे.

आईला हा ताप मध्यरात्री येतो, तेव्हा निर्णय मुलाला किंवा मुलीला घ्यावा लागतो. डिस्चार्ज कार्डावरचा दूरध्वनी त्या वेळी कोणी उचलत नाही. घरात पॅरासिटामॉल असते. ते दिले की तापमापकावरचा आकडा उतरतो आणि सकाळपर्यंत थांबण्याचा धीर येतो. तोच धीर घातक ठरू शकतो. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. या तापाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितलेलाच नसतो.

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत ‘डे केअर कॅन्सर सेंटर’ उभारण्याची, त्यांपैकी २०० त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. ती स्वागतार्हच आहे. परंतु मर्यादा नावातच आहे: दिवसा सलाइन लावायचे, संध्याकाळी घरी पाठवायचे. आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे कवच देते. २०२४पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ते खुले झाले. मात्र त्याची वीण रुग्णालयातील उपचारांभोवती आहे. दोन चक्रांमधली सीबीसी तपासणी आणि तिच्यासाठीचा प्रवास यांचा भार बहुतांशी घरावरच पडतो.

रक्ताची कथा वेगळी नाही. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यांचा मोठा साठा करता येत नाही. म्हणून नियमित ऐच्छिक दाते हाच उपाय. २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने नातेवाइकांकडून बदली दाते मागण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले. दोन दशके उलटली, तरी परक्या शहरात वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलाला ‘दाते घेऊन या’ हे ऐकावे लागते.

प्रत्येक तालुक्याला कर्करोगतज्ज्ञ मिळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु येथे गरज तज्ज्ञापेक्षा ठरलेल्या रीतीची आहे. प्रत्येक रुग्णाला मातृभाषेतील तापाचे कार्ड आणि रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी द्यावा. दहाव्या दिवसाच्या सुमारास जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मोफत सीबीसी व्हावी. ताप आल्यास प्रतिजैविकाची पहिली मात्रा तेथेच देऊन मग रुग्णाला पुढे पाठवावे. पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिम भारतीय कंपन्या दोन दशकांहून अधिक काळ बनवत आहेत. ते प्रत्येकाला लागत नाही. पण पासष्टीपुढचे वय ही जोखीम मानली जाते, आणि ज्यांची शुश्रूषा मुले करतात ते आईवडील अनेकदा याच वयाचे असतात. जिल्हा केंद्राच्या शीतकपाटात ते असलेच पाहिजे.

किती केंद्रे उघडली, हे सरकार मोजेल. दोन चक्रांच्या मधल्या दिवसांत किती रुग्ण संसर्गाने दगावले, हेही मोजून जाहीर करावे. तोवर केमोथेरपी जिल्ह्यात पोहोचेल; तिच्यापासूनचे संरक्षण मात्र महानगरातच राहील.