समुद्राच्या वहीत आमचे खाते

मुंबईचा माझा भाचा दिवाळीला इस्लापूरला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन गोष्टी हटकून असतात: बहिणीने दिलेला चिवड्याचा डबा आणि मामाला शहाणे करून सोडण्याचा निर्धार. मागच्या खेपेस वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. समुद्राविषयीच्या सरकारी धोरणाबद्दल मी काही बोलू लागलो, तसा तो खो खो हसत सुटला.

"अहो मामा, इस्लापूर कुठं आणि समुद्र कुठं! तुमच्याकडे सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सहस्रकुंडचा धबधबा. समुद्राचं आम्ही मुंबईकर बघून घेऊ. तुम्ही आपलं कापसाचं बघा."

त्या हसण्याला उत्तर म्हणून हा लेख आहे. भाचा घरचा, त्याला चार शब्द तिथल्या तिथे सुनावून भागले असते. परंतु जे तो हसत हसत बोलला, तेच आपले धोरणकर्ते गंभीर चेहऱ्याने लिहीत आले आहेत. म्हणून हा घरचा वाद चारचौघांत आणणे मला भाग आहे.

प्रथम गावाची ओळख करून देतो. इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे गाव. पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, समुद्र इथून चार-पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. गावातल्या कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मी मास्तरकीत असताना एकदा मुलांची सहल गणपतीपुळ्याला नेली होती. तिथे वाळूवर उभे राहून एका पोराने मला विचारले, "गुरुजी, इथं एवढं पाणी हाय, मग आमच्याकडं का येत न्हाई?" सारी मुले हसली. मीही हसलो. आज वाटते, त्या सहलीत खरा प्रश्न त्या एकट्याने विचारला होता, आणि 'येते की बाळ, दरसाल येते' हे त्याचे उत्तर मला त्या वेळी सुचायला हवे होते.

खरोखरच ते दरसाल येते. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिते होतात. उरलेसुरले आमच्या वाट्याला. बाकी सारी भिस्त बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. ते पट्टे विदर्भाकडून पश्चिमेला सरकले म्हणजे आमचे ओढेनाले वाहू लागतात, पैनगंगा फुगते आणि सहस्रकुंडला काळ्या खडकांवरून कोसळते. पुढे ती वर्धेला मिळते; वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते; प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी ते पाणी पुन्हा बंगालच्या उपसागराच्या ओटीत घालते. तात्पर्य, आमच्या गावाचा समुद्राशी देण्याघेण्याचा व्यवहार फार जुना आहे. त्याची नोंद तेवढी कोणत्याही सरकारी वहीत नाही.

हा सावकार अलीकडे लहरी झाला आहे. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे पावसाने ओढ दिली. दुसऱ्या वर्षी तर तिकडे दूर पॅसिफिक महासागराचे पाणी तापले आणि इकडे मराठवाड्याची तोंडे कोरडी पडली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या लोकांना मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेले पाणी प्यावे लागले. २०२३ च्या ऑगस्टाने आणखी कहर केला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. माझ्या स्वतःच्या चार एकरांतला कापूस त्या महिन्यात माना टाकून उभा होता. मग २०२५ मध्ये उलटेच झाले. ऑगस्टात आमच्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रातोरात गावांत पाणी शिरून माणसे दगावली. सप्टेंबरात मराठवाडाभर पिके पाण्याखाली गेली, आणि माझे सोयाबीन काढणीच्या तोंडावर शेंगेतच उगवले. कोरड्याचा पंचनामा आणि ओल्याचा पंचनामा, दोन्ही एकाच दप्तरात बांधून ठेवण्याची पाळी आमच्यावर आली.

हे सारे दैवाचे फेरे आहेत, असे म्हणून मी कपाळाला हात लावला असता. पण पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधक काही निराळेच सांगतात. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातील पृष्ठभागाचे पाणी सुमारे एक अंशाने तापले. जगातल्या सागरांची सरासरी याहून कमी आहे. आणि १९५० ते २०१५ या अवधीत मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. अरबी समुद्र तापला की त्यावरून येणारे बाष्प झोकांड्या खात येते. येते तेव्हा एकदम ओतते, नाही तेव्हा आठवडेच्या आठवडे फिरकत नाही. माणसाने धुरांड्यांतून जी जादा उष्णता पृथ्वीच्या गळ्यात घातली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक या सागरांनी पोटात घेतली आहे. ती त्यांनी घेतली नसती तर आज आपण दिवाळीचे फराळ करीत बसलो नसतो. पण पोटात घेतलेले विष कुठेतरी बाहेर पडणारच, आणि ते आमच्या शेतावर पडते आहे.

आता सरकारी वही उघडू. हवामानबदलाशी सामना करण्यासाठी देशाने ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ मोहिमा: सौरऊर्जा, ऊर्जेची बचत, शहरवस्ती, पाणी, हिमालय, हिरवे आच्छादन, शेती आणि ज्ञानसंशोधन. हिमालयाला स्वतंत्र मोहीम मिळाली, ती मिळायलाच हवी होती. समुद्राच्या नावाची मात्र एकही नाही! पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये भूविज्ञान मंत्रालयाने 'नील अर्थव्यवस्था' धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात सात विषय: हिशेब व कारभार, किनाऱ्याचे नियोजन व पर्यटन, मासेमारी, उद्योग, व्यापार व कौशल्य, बंदरे व जहाजवाहतूक, समुद्रातले खाणकाम व ऊर्जा, सुरक्षा व परराष्ट्रसंबंध. आत कुठे कुठे हवामानाचा उल्लेख नाही असे मी म्हणत नाही. पण सात मथळ्यांत हवामानाला जागा नाही. आठ मोहिमांत समुद्र नाही आणि सात प्रकरणांत हवामान नाही! जणू दोन सख्खे भाऊ एकाच वाड्यात राहतात, पण मधल्या भिंतीला दार नाही. आणि या मसुद्यावर लोकांनी सूचना कधीपर्यंत पाठवायच्या? त्याच महिन्याच्या २७ तारखेपर्यंत! इतक्या मुदतीत आमच्याकडे सातबारासुद्धा हाती पडत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या खोल समुद्र मोहिमेत सहा कामांपैकी एक काम सागरी हवामानबदलाच्या अंदाजांचे आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो आणि त्याचे स्वागत करतो. पण सहांतले एक काम म्हणजे धोरण नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रतळाच्या खनिजांचे तेरा पट्टे प्रथमच लिलावाला निघाले. त्यांतल्या केरळच्या वाळूच्या पट्ट्यांसाठी तिथल्या कोळी बांधवांना फेब्रुवारी २०२५ मध्ये किनारा बंद ठेवून रस्त्यावर यावे लागले. आपल्याकडे डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून मोठे बंदर २०२४ मध्ये मंजूर झाले. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा, असा बेत. आणि तिथला मच्छीमार वर्षानुवर्षे 'नको' म्हणत आला. या प्रत्येक व्यवहारात जमेची बाजू रुपयांत मांडलेली असते. खर्चाच्या बाजूला समुद्राचे नाव कोण लिहितो?

यावर तीन आक्षेप येतील, ते ठाऊक असल्यामुळे आधीच उत्तर देऊन ठेवतो.

पहिला आक्षेप: देश गरीब आहे, आधी संपत्ती काढू, मग हवामानाचे पाहू. अहो, मी संपत्तीचा वैरी नाही. कोळ्याच्या जाळ्यात मासा यावा, समुद्रावरच्या वाऱ्यापासून वीज व्हावी, आपली जहाजे जगभर फिरावीत, हे मलाही हवे आहे. पण दोन वर्षांचा दुष्काळ आणि एका सप्टेंबरचा पूर एवढ्यानेच जो हिशेब बुडतो, तो नफ्याचा हिशेब कसा म्हणावा?

दुसरा आक्षेप: धूर गोऱ्या देशांनी केला, त्यांनीच निस्तरावे. धूर मुख्यतः त्यांनी केला हे शंभर टक्के खरे आहे, आणि जगाच्या बैठकीत आपण ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. परंतु किनाऱ्यावरचे कांदळवन आपण तोडतो, खाडीत भराव आपण घालतो. ते काही लंडनहून येऊन कोणी करीत नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष काढला. म्हणजे मनात आणले तर आपल्याला जमते.

तिसरा आक्षेप माझ्या भाच्याचा: समुद्राचे किनाऱ्यावरच्यांनी पाहावे. याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. देशाच्या समुद्रावर रात्रंदिवस नजर ठेवणारे, मच्छीमारांना मासे कुठे मिळतील ते सांगणारे आणि त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र कुठे आहे, ठाऊक आहे? हैदराबादेत! ज्या हैदराबादच्या राज्यात आमचा मराठवाडा १९५६ पर्यंत होता, ज्या शहराला खाडी नाही की बंदर नाही, तिथे हे केंद्र १९९९ पासून काम करते आहे. शास्त्रज्ञाला समुद्र समजण्यासाठी पाय ओले करावे लागत नाहीत. मग शेतकऱ्यानेच का करावेत?

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. समुद्राचे धोरण आणि हवामानाचे धोरण ही दोन दप्तरे एकत्र बांधा. समुद्रातली वाळू, खनिज किंवा जागा कोणाला देण्यापूर्वी, यामुळे किनाऱ्याचे आणि हवामानाचे काय होईल, हा प्रश्न पहिल्या पानावर विचारा, शेवटच्या परिशिष्टात नव्हे. देशाच्या सागरी हिशेबात मासळी आणि मालवाहतूक यांच्या बरोबरीने कांदळवन मांडा, समुद्राने पोटात घेतलेली उष्णता मांडा, आणि पावसाळा मांडा. सूचना मागवायच्या तर मराठीत मागवा, पुरेशी मुदत द्या. आणि त्या बैठकीला कोळ्याशेजारी कोरडवाहू शेतकऱ्यालाही बसवा. समुद्राचा तो सर्वांत दूरचा, पण सर्वांत मोठा ऋणको आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण वहीची पूजा करतो, आणि जिची पूजा करतो ती लक्ष्मी समुद्राची लेक आहे, हे मी त्या संध्याकाळी भाच्याला सांगितले. मंथनात ती वर आली, तीही हलाहलाच्या नंतर. आणि ते पिणारा महादेव होता म्हणून देवदानव वाचले. सहस्रकुंडला महादेवाचे देऊळ आहे. परंतु या वेळचे हलाहल त्याच्यावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कोळी नारळी पौर्णिमेला आधी समुद्राला नारळ देतो, मग जाळे टाकतो. आधी द्यावे, मग घ्यावे, एवढे त्याला कळते. ते दिल्लीला कळायला आणखी किती मसुदे लागणार?

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, हे लिहून पाठवा." त्याचे ऐकून मी लिहिले आहे. पाडव्याला माझी बहीण फोनवर विचारत होती, यंदा सोयाबीन किती झाले म्हणून. मी तिला सांगितले, आकडा भाच्याला विचार. समुद्राचे त्याने बघून घ्यायचे ठरले होते.