‘सिट डाऊन’ पुरे झालं, पोरांना बोलू द्या



२००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आपल्या वस्त्यांना बरं वाटलं, वाटायलाच हवं. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगून ठेवलंय. तेव्हा इंग्रजी हवं की नको, हा वाद ज्यांची पोरं कॉन्व्हेंटात जातात त्यांनी खुशाल घालावा. आपला सवाल वेगळा आहे. आपल्या पोरांच्या वाट्याला येतं ते कसलं इंग्रजी?

मी वस्तीतल्या शाळेत शिकलो. बाई म्हणायच्या ‘ए फॉर ॲपल’, सगळा वर्ग ओरडायचा ‘ए फॉर ॲपल’. आमच्याकडे सफरचंद माणूस आजारी पडला तरच दिसायचं. घसे आमचे, वाक्य बाईंचं. मॅट्रिक झालो तरी इंग्रजीत एक साधा प्रश्न तोंडातून निघत नव्हता, कारण इतक्या वर्षांत कुणी एकदाही विचारू दिला नव्हता.

आता नवी हवा आलीय. खेळातून शिकवा, गाण्यातून शिकवा, जोडीनं बोलू द्या, पोरांना हलू द्या. मी या पद्धतीच्या बाजूचाच आहे. पण आपल्या वस्तीपर्यंत येता येता तिचं काय होतं ते बघा.

जेम्स आशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात एक रीत मांडली. मास्तरनं हुकूम द्यायचा, पोरानं तो अंगानं पाळायचा. ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’. आधी कान आणि अंग, तोंड मागाहून. रीत खरी आहे. मला गोदीत कुणी शब्दकोश दिला नव्हता. ‘हबेस’ म्हटलं की माल वर, ‘आरिया’ म्हटलं की खाली. शब्द कुठल्या मुलखाचे ते ठाऊक नव्हतं, पण चुकलो असतो तर पाय गेला असता. दोन दिवसांत शिकलो.

पण आशरच्या रीतीला उत्तरार्धही आहे. कान तयार झाला की पोरगं स्वतः हुकूम सोडतं, मास्तरलासुद्धा. आमच्या बाजूच्या शाळेत हा अर्धा भाग गळालाय. पोरं उठतात, बसतात, उठतात, बसतात. पोराच्या शब्दावर मास्तर उठलेला मी अजून बघितला नाही. च्यायला, ही भाषा शिकवणं झालं की बिगारी भरती?

म्हणे जोडीनं बोला. जोडी कुणाची कुणाशी? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर, कोपऱ्यात एकटे बसत. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांची जोडी कुणाशी लावली असती? आज गोणपाट गेलं, मागचा बाक राहिला. एका तासात कोणतं पोरगं किती वेळा बोललं, त्याच्या रेघा ओढा कागदावर. रेघा पुढच्या दोन बाकांवरच जमतील. मागच्या बाकाला फक्त कोरसमध्ये जागा.

यावर मास्तर लोकांचं ठरलेलं उत्तर : साधनं नाहीत, वर्ग मोठा. खोटं आहे. १९७९ ते १९८४ मध्ये एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर वाचला जातो. साधनं कसली? फळा, खडू, कागद. रेल्वेचं वेळापत्रक, गावाचा नकाशा घेऊन मास्तर आधी साऱ्या वर्गाबरोबर इंग्रजीतनं कोडं सोडवायचा, मग तसलंच दुसरं कोडं पोरं आपली आपण सोडवायची. प्रभूंनी अशा कामाचे तीन प्रकार सांगितले. माहितीतलं अंतर : एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलावं लागतं. तर्कातलं अंतर : आहे त्यावरून नवं शोधायचं. आणि मतातलं अंतर : तुला काय वाटतं? माहितीतल्या अंतराचं आपल्याला कुणी सांगायला नको, ते आपण हजारो वर्षं भोगलंय. पण ‘तुला काय वाटतं’ हे आपल्या पोराला कुठल्या वर्गात विचारलं गेलं?

शाळा बदलायची वाट बघत बसू नका. तिच्याशी भांडा, आणि संध्याकाळी विहारात, अभ्यासिकेत आपले वर्ग चालवा. दोन पोरं पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे आपल्या गल्लीचा नकाशा : नळ, गिरणी, पिंपळ. दुसऱ्याकडे कोरा कागद. त्यानं विचारत जायचं, ‘व्हेअर इज द टॅप?’ आणि ऐकून काढत जायचं. मग अदलाबदल. अडलं तर आपल्या बोलीत बोलू द्या. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडासुद्धा पोरांच्या घरच्या भाषांना वर्गाचं बळ मानतो. चुकलं तर कुणी हसायचं नाही, हसेल त्याला बाहेर काढा. रोज प्रत्येक पोरानं एक प्रश्न विचारला पाहिजे आणि एकदा तरी हुकूम सोडला पाहिजे. तुम्ही उठा, तुम्ही बसा, तुम्ही दार उघडा त्याच्या शब्दावर.

‘यस सर’पुरतं इंग्रजी या व्यवस्थेनं आपल्याला कधीच देऊन टाकलंय. गोदीच्या फाटकावर ते फुकट मिळतं. ‘व्हाय, सर?’ मात्र ती देणार नाही. ते आपणच शिकवायचं, सहा वर्षांच्या पोरापासून, आणि आजपासून.