सुरांची यात्रा आणि खर्चाचे खाते

उन्हाळी सुट्या जवळ आल्या की व्यापारी घरांतून प्रवासाची चर्चा सुरू होते. काश्मीर, दुबई, स्वित्झर्लंड ही नावे आता जुनी झाली. युरोपात रूढ असलेला एक निराळा प्रकार अलीकडे आपल्याकडील जाणकारांनाही खुणावू लागला आहे, तो म्हणजे मार्गदर्शकासह केलेली संगीतयात्रा. कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो, बर्गन, हेलसिंकी अशी उत्तरेकडील शहरे घ्यायची, दिवसा समुद्राची डोंगरात शिरलेली निळी खाडी पाहायची आणि सायंकाळी त्याच भूमीत जन्मलेल्या संगीतकाराची रचना ऐकायची. जालन्याच्या मोंढ्यात बसलेला व्यवहारी माणूस यावर पहिला प्रश्न विचारील तो असा की, एवढे पैसे मोजून हाती काय लागते?

प्रश्न रास्त आहे. संगीत तर घरबसल्याही ऐकता येते. परंतु ते जेथे निर्माण झाले ती जागा घरी येत नाही. नॉर्वेतील बर्गन शहराजवळ ट्रोल्डहाउगेन नावाचे घर आहे. एडवर्ड ग्रीग या संगीतकाराने ते १८८५ मध्ये बांधले आणि १९०७ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे उन्हाळे तेथेच गेले. घरात पाहुण्यांची वर्दळ फार, म्हणून १८९१ मध्ये त्याने खाली तळ्याकाठी एक लहानशी लाकडी खोपी बांधून घेतली. एक पियानो, एक मेज, एक खिडकी, एवढाच तिचा पसारा. १९८५ मध्ये शेजारी सुमारे दोनशे आसनांचे सभागृह उभे राहिले. वादकाच्या पाठीमागे तेथे पडदा नाही, मोठी काच आहे. वादन ऐकताना श्रोत्याला ती खोपी आणि तिच्यामागचे पाणी दिसत राहते. जवळच्याच कड्यात ग्रीग आणि त्याची पत्नी नीना यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ग्रीगची पहाटेचे वर्णन करणारी रचना जगभर प्रसिद्ध असून नॉर्वेच्या खाड्यांच्या चित्रफितींना ती हमखास जोडलेली असते. वास्तविक ती इब्सेनच्या ‘पेर ग्युंट’ या नाटकासाठी लिहिली गेली आणि त्या प्रसंगातील पहाट नॉर्वेतील नव्हे, मोरोक्कोतील आहे. आपल्या कानांना तिचे आरंभीचे सूर अनोळखी वाटत नाहीत, कारण ते भूपाच्याच पाच स्वरांत फिरतात. ज्या घरांत पहाटे भूपाळीचे सूर ऐकले गेले, तेथील आजींना मार्गदर्शकाची गरज भासणार नाही.

व्यापाऱ्याचा दुसरा प्रश्न अधिक खोल जातो. हे सारे चालले असताना खर्च कोणी उचलला? त्याचे उत्तर त्या देशांच्या हिशेबवहीत स्पष्ट सापडते. ग्रीगला १८७४ पासून सरकारी वार्षिक वेतन मिळू लागले. फिनलंडच्या ज्याँ सिबेलियसला १८९७ मध्ये वर्षाला तीन हजार मार्कांचे साहाय्य मंजूर झाले. दोघेही त्या वेळी अवघ्या तिशीच्या आसपास होते. फिनलंड तर तेव्हा स्वतंत्रही नव्हता, रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. नाव झालेल्या वृद्धाचा सत्कार करणे सोपे असते. तिशीतल्या माणसावर विश्वास टाकून वर्षानुवर्षे रक्कम देणे हे धाडस आहे, आणि पतपुरवठ्याच्या भाषेत बोलायचे तर तेथे तारण काहीच नव्हते.

हे वेतन सिबेलियसला पुरले मात्र नाही. महागड्या खानपानाची सवय आणि हिशेबाचा कंटाळा यांमुळे तो पुढे कित्येक वर्षे कर्जबाजारीच राहिला. १९०४ मध्ये तो हेलसिंकीपासून दूर यार्वेनपा येथे बांधलेल्या घरात राहायला गेला. पत्नी आयनो हिच्या नावावरून घराचे नाव आयनोला. तो जिवंत असेपर्यंत त्या घरात नळ आला नाही. पाण्याच्या वाहण्याचा आवाज त्याला नको होता, आणि कुटुंबाने ती अडचण १९५७ पर्यंत सोसली. आयनोबाईंचा हा वाटा कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. हेलसिंकीत सिबेलियसचे स्मारक आहे, ते जालनेकरांनी अवश्य पाहावे. एइला हिल्तुनेन या शिल्पकर्तीने पोलादाच्या सहाशेहून अधिक नळ्या जोडून ते घडविले, १९६७ मध्ये. सळयांच्या गावच्या माणसाला पोलादातून नाद कसा उभा करतात, हे तेथे दिसेल.

बर्गनचा मोठा संगीत महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला. नेमक्या त्याच वर्षी पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ केला. बर्गनला जाणारा श्रोता ग्रीगच्या घरी गेल्यावाचून परतत नाही. पुण्याला दरवर्षी जाणाऱ्या श्रोत्यांपैकी सवाई गंधर्वांच्या कुंदगोळला किती जण गेले असतील? म्हणून परदेशची यात्रा ठरविण्यापूर्वी पाच-सहा दिवसांची एक यात्रा याच भूमीत करून पाहावी, आणि तीत तोच प्रश्न सोबत न्यावा.

जालन्याहून बीड, बार्शी, पंढरपूर या मार्गाने मिरज गाठावे. वाटेतला पंढरपूर-मंगळवेढ्याचा भाग तंबोऱ्याच्या भोपळ्यांसाठी ओळखला जातो. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो वेलीवरच पक्व होऊ देतात, महिनोन् महिने वाळवितात आणि मग तो मिरजेच्या कारागिरांकडे येतो. त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडली जाते. हत्यारे घडविणाऱ्या घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये बनविण्यास आरंभ केला. तलवारीचा धंदा ओसरला आणि त्याच हातांनी सतार घडविली, हे परिवर्तन अहिंसेच्या उपासकांना विशेष वाटावे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर जवारी लावीत असताना शेजारी अर्धा तास बसण्याची संधी मिळाल्यास सोडू नये. तारेखाली सुताचा एक धागा केसभर सरकतो आणि कोरडा आवाज एकाएकी भरून येतो. घरासाठी तंबोरा घ्यायचा असेल तर घोडी कशाची आहे, हे मात्र विचारून घ्यावे. ती पूर्वापार शिंगाची वा हाडाची असे. आता लाकडाची आणि कृत्रिम पदार्थाचीही करून मिळते.

मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उत्तर प्रदेशातील कैराना गावचा हा गायक मिरजेत स्थिरावला. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या दौऱ्यात, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि देह मिरजेस आणला गेला. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गायक येथे हजेरी लावतात. येथे खर्च उचलला तो श्रद्धेने आणि संस्थानिकांनी मिळून. ज्यांना पूजा-दर्शनाची आणि आपल्या पद्धतीच्या भोजनाची सोय हवी, त्यांनी या मुक्कामात कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राचा समावेश करावा. वाट थोडी वाकडी होते, एवढेच.

मिरजेहून रेल्वेने बेळगाव, धारवाड ओलांडून हुबळीला उतरावे. तेथून कुंदगोळ सुमारे वीस किलोमीटर. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे हे गाव. कानडी घरातला हा मुलगा मराठी रंगभूमीवर गाजला. गावातील नाडगीर घराण्याचा वाडा हे या यात्रेतील ट्रोल्डहाउगेनच म्हणावे. अब्दुल करीम खाँ या वाड्यात उतरत आणि त्यांचे गाणे ऐकून, शिकून रामभाऊ घडले. नाडगीर घराण्याने कोणता ठराव केला नाही, मार्क किंवा क्रोनर मोजले नाहीत. दार उघडे ठेवले, पंगतीला बसविले आणि मैफलीसाठी दिवाणखाना दिला. आपल्या समाजात साधू-साध्वींच्या चातुर्मासाची व्यवस्था घरेच्या घरे ज्या भावनेने करतात, तिच्या जवळची ही गोष्ट आहे.

१९३६ मध्ये चौदा वर्षांचा भीमसेन याच गावी शिकण्यासाठी आला. पाणी भरणे, घरची पडतील ती कामे करणे हे त्याचे शुल्क होते. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला येत आणि शिकून रात्री परत जात. त्या काळी गाणाऱ्या बाईकडे स्टेशनवरचे लोक कोणत्या नजरेने पाहत, याची कल्पना करावी. त्यांचा तो रोजचा प्रवास म्हणजेही एक हप्ता होता, आणि तो त्यांनी स्वतः भरला. हुबळीतील त्यांचे ‘गंगालहरी’ आणि धारवाडमधील पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ ही घरे स्मारकरूपाने जपली गेली आहेत. परतीपूर्वी एक दिवस राखून भीमसेनजींच्या गदगला जावे आणि तेथून दहा-बारा किलोमीटरवर लक्कुंडीचे ब्रह्म जिनालय पाहावे. दानचिंतामणी म्हणून ख्यात झालेल्या अत्तिमब्बे या श्राविकेने ते १००७ मध्ये बांधविले. खर्च कोणी उचलला, याचे उत्तर तेथे दगडात उभे आहे.

एवढे पाहूनही ज्यांना उत्तरेस जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड या पाचांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. चलन मात्र निरनिराळे असून युरो फक्त फिनलंडमध्ये आहे. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. सहलीच्या रकमेवर उगमाशी गोळा केला जाणारा कर हा खर्च नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पुष्कळ कुटुंबे हे विसरतात.

खरी अडचण निराळी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बर्गनला सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि पहाटे चारनंतर लगेच उगवतो. नवकारसी पाचच्या सुमारास येते. आणखी उत्तरेस ट्रोम्सो येथे २० मेच्या सुमारास वर आलेला सूर्य २२ जुलैच्या सुमारापर्यंत क्षितिजाखाली जातच नाही. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्याला तेथे रात्रच सापडत नाही. डिसेंबरात याच्या उलट. हेलसिंकीला सूर्य सव्वातीनच्या आधीच मावळतो. अशा ठिकाणी सूर्य मानावा की घड्याळ, हे ज्याने त्याने निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारून निश्चित करावे. विमानात बसल्यावर सुचलेली सवलत मनाला टोचत राहते. तेथील जेवण बटाटा आणि कांद्यावर उभे असते, म्हणून कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी सहलीच्या करारातच तसे लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. बर्गनचा महोत्सव मेअखेरीस सुरू होऊन जूनमध्ये संपतो, चातुर्मासाच्या आधी. तेवढी एक सोय आहे.

ज्यांना मिरजही दूर वाटते, त्यांच्यासाठी देवगिरी आहे. जालन्याहून मोटारीने दोन तासही लागत नाहीत. गडावर जाणारा प्रत्येक जण चांदमिनार आणि मेंढा तोफ पाहतो. परंतु तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने याच ठिकाणी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती त्याला प्रमाण मानतात. हा शार्ङ्गदेव व्यवसायाने गवई नव्हता. तो राजदरबारात श्रीकरण, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि त्याचा पिता सोढल हाही त्याच कामावर होता. दिवसभर राज्याचा जमाखर्च तपासणाऱ्या माणसाने स्वर, ताल आणि वाद्ये यांचाही चोख हिशेब मांडला. त्याच सुमारास पार्श्वदेव या जैन पंडिताने ‘संगीतसमयसार’ लिहिला आणि चौदाव्या शतकात, १३५० मध्ये, सुधाकलश या जैन वाचनाचार्यांनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ सिद्ध केला. आपल्या पाठशाळांतील मुलांना ही दोन नावे क्वचितच सांगितली जातात.

आणि खुद्द जिल्ह्यात, मत्स्योदरी देवीच्या अंबडला, दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरण्याची जुनी परंपरा आहे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. त्या दिवसांत जालन्याला सूर्य सहाच्या आत मावळतो. दुकान थोडे लवकर वाढवावे, चौविहार आटोपावा आणि घरातील मुलांना घेऊन निघावे. अंबड तीस किलोमीटरच्या आत आहे.