शर्यतीची सायकल आणि आमचा फाटा

शर्यतीच्या सायकलीवर मी लेख लिहिणार म्हटल्यावर वर्गातील काही मंडळी हसली. त्यांना माझ्या सायकलीची हकीकत ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी तीच सांगतो.

माझे गाव कळमनुरी तालुक्यात, कॉलेजपासून १८ किलोमीटरवर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी हळद शिजविण्याच्या हंगामात मी मजुरी केली, दादांनी त्यात भर घातली आणि ११,००० रुपयांना अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी रेसिंग सायकल घेतली. एका हाताने उचलून पाहिली आणि भुललो! सायकलीलाही अंगरख्यासारखे माप असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगाडा माझ्या उंचीला मोठा होता. महिन्याभरात मान अवघडली, गुडघे दुखू लागले. पाचव्या महिन्यात पायडलच्या आसाजवळ केसाएवढी चीर दिसली. वेल्डिंगवाल्याने ती पाहून नुसती मान हलविली. दादा एवढेच म्हणाले, "पोरा, जे जोडता येईना ते घ्यावं कशाला?"

हा प्रश्न मला झोपू देईना. मग वाचनालयात बसून शोध घेतला. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी. म्हणून नळ्या जाड घेराच्या करतात. पोलादाला एका मर्यादेखालचे हिसके कितीही बसले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. बारीक हिसकेही त्यात साठत जातात. चिरले तर आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते, आणि त्या उष्णतेने सांध्याभोवतीचा धातू मऊ पडतो. म्हणजे फाट्यावरच्या दुकानात हा इलाज नाही.

मग अ‍ॅल्युमिनियम वाईट का? मुळीच नाही. नवी, मापाची, नीट बांधलेली सायकल वर्षानुवर्षे टिकते. दोष माझा, मी सांधे न तपासता जुनी घेतली. माझे भांडण आहे ते सायकल निवडण्याच्या आपल्या पद्धतीशी. आपण वजन विचारतो, रंग पाहतो, गिअर मोजतो. टायर किती रुंद बसेल, हे कोणी विचारीत नाही. माझ्या सायकलीला २३ मिलिमीटरचे टायर होते. डांबर उखडलेल्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात! माझ्या मते आपल्याकडे २८च्या खाली जाऊच नये, ३२ मावत असेल तर उत्तमच. चाकाला तारा ३२ असाव्यात. एखादी तुटली तरी घरी पोहोचता येते.

गिअरचेही तेच. पुढे ३९ दाते आणि मागे सर्वांत मोठी चकती २३ची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक १.७ वेळा फिरते. औंढ्याकडच्या चढावर समोरून वारा आला की जीव निघतो. पुढे ३४ आणि मागे २८ घेतले तर हेच प्रमाण १.२ होते. मागे आठ चकत्या की अकरा, हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न. आणि हो, रेसिंगच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह गावच्या पंपाला बसत नाही. त्याचे पितळी टोपण खिशात ठेवावे. मी ते नसल्यामुळे एकदा सहा किलोमीटर सायकल ढकलली आहे!

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने पूर्ण केली. या पराक्रमाला माझा नमस्कारच आहे. पण त्यांच्यामागे साहाय्यकांची गाडी होती. आमच्यामागे फाट्यावरचे पंक्चरचे दुकान! त्या दुकानात जे दुरुस्त होईल, तेवढेच आम्हाला परवडते.

खेड्यातील मुलाने शर्यतीत उतरूच नये, असे काही जण म्हणतील. मला ते मान्य नाही. क्रीडा विभागाने दोन मापांच्या दोन सायकली ठेवाव्यात. विद्यार्थ्याने त्यावर महिनाभर बसून आपले माप ओळखावे आणि मगच घरच्यांपुढे पैशासाठी हात पसरावा. क्रिकेटच्या एका किटपेक्षा यात फार जास्त खर्च येईल असे वाटत नाही.

चिरलेला सांगाडा आमच्या गोठ्यात खुंटीला टांगला आहे. खोगीर आणि पंप तेवढे काढून ठेवले आहेत. हळद यंदाही शिजेलच. दादांनी परवा स्वतःहून विचारले, "माप घेतलंस का रे?"