चित्राला चाल लावताना

कवितेला चाल लावली की तिची एक लय पक्की होते. वाचकाच्या मनातल्या इतर लयी मावळतात. 'लव्हिंग व्हिन्सेंट' हा २०१७ चा चित्रपट पाहताना हेच जाणवले. अभिनेत्यांच्या चित्रीकरणाच्या आधारे शंभरांहून अधिक चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी तैलरंगात रंगवल्या. परिश्रम थक्क करणारे. पण पात्रे चालू-बोलू लागताच, व्हॅन गॉगच्या चित्रासमोर एरवी रेंगाळणारी आपली नजर कथानकामागे धावू लागते. चित्रपट खरा जिवंत होतो तो अन्यत्र. चौकटीगणिक रंग नव्याने लावल्यामुळे आकाशातले फटकारेही थरथरत राहतात आणि मूळ चित्रांतच दडलेली गती प्रकट होते. चित्र सजीव करू पाहणाऱ्याने आधी ही आतली गती शोधावी. पात्रांना पाय नंतर फुटले तरी चालेल.